वादळ ओमानकडे निघालं, आता कोल्हापूरच्या पावसाचं काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की अरबी समुद्रात काही ना काही शिजायला लागतं. टीव्हीवर दोन दिवस तो गोल फिरणारा ढग दाखवतात आणि वादळ किनाऱ्यापासून लांब गेलं की बातमी संपते. आपल्याकडचे प्रश्न मात्र तिथून सुरू होतात. सोयाबीन काढू का, गगनबावड्याकडनं खाली उतरू का, दिवाळीचं काय. त्यातले नेहमीचे इथं घेतलेत. रोजचा अंदाज हवामान खात्याच्या मुंबई केंद्राकडून येतोच. तो कोल्हापूरकरानं कसा वाचावा, एवढंच या पानाचं काम.

वादळ चारशे-पाचशे किलोमीटर लांब गेलं म्हणतात, मग इथं अजून पाऊस का?

कारण वादळ कुठं आहे यापेक्षा आपल्यावर वारा कुठून येतोय, हे महत्त्वाचं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरतं. ते आपल्या पश्चिमेला समुद्रात असतं तेव्हा त्याच्या पूर्वेच्या अंगाला वारे दक्षिणेकडून वर चढतात आणि येताना समुद्रावरची वाफ घेऊन येतात. ती वाफ कोकणातून सह्याद्रीला धडकते. वादळाचा डोळा ओमानच्या दिशेनं सरकला तरी हा ओला पट्टा एक-दोन दिवस मागं रेंगाळतो.

दुसरं कारण आपल्या पायाखाली असतं. वादळाच्या पावसानं रान भिजलेलं असतं आणि ढग फाटले की ऑक्टोबरचं ऊन कडक लागतं. ओल्या जमिनीतून वाफ उठते, दुपारी दोन-तीनला ढग वर चढायला लागतात आणि चार-पाचच्या सुमारास गडगडाट. हा पाऊस वादळाचा नसतो, पण वादळानं ठेवून गेलेल्या ओलीचा असतो. म्हणून सकाळी आभाळ निरभ्र दिसलं म्हणून दुपारी वाळवण घालून गावाला जाऊ नये.

एक खूण सांगतो. जूनपासून आपण पाऊस पन्हाळ्याच्या, गगनबावड्याच्या बाजूनं येताना बघतो. ऑक्टोबरात पुष्कळदा उलटं होतं. वरचे वारे पूर्वेकडचे झालेले असतात, त्यामुळे काळा ढग शिरोळ, इचलकरंजी, कागल अशा बाजूनं उठतो आणि शहरावर येतो. पश्चिमेला स्वच्छ दिसतंय म्हणून छत्री घरी ठेवणारे यातच सापडतात.

मग पाऊस खरोखर उघडला हे कशावरून धरायचं?

एका दिवसाच्या उन्हावरून नाही. वारा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून यायला लागला, दुपारचे ढग कापसासारखे सपाट राहिले आणि वर चढेनासे झाले, सकाळी गवतावर भरपूर दव आणि रात्री अंगावर काही घ्यावंसं वाटायला लागलं, असं सलग दोन-तीन दिवस झालं की समजावं. अंगाला चिकचिक आहे तोवर हवेत पाणी आहे. हवामान खातंही मॉन्सून परतल्याचं जाहीर करताना पाऊस थांबणं आणि हवेतली आर्द्रता घटणं असं दोन्ही बघतं. दक्षिण महाराष्ट्रातून मॉन्सून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो, देशातून १५ ऑक्टोबरच्या आसपास. पण मॉन्सून परतला म्हणजे पाऊस बंद, असा त्याचा अर्थ नाही. त्यानंतर तमिळनाडूत ईशान्य मॉन्सून सुरू होतो आणि त्याचे फटकारे अधूनमधून बेळगाव-चंदगडपर्यंत येतात.

अंदाजात 'कोल्हापूर' आणि 'कोल्हापूर घाट' असं वेगळं का लिहितात? नेमका आपला कुठला?

कारण हा जिल्हा एकच असला तरी पाऊस एक नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, शिरोळात पाचशे-सहाशेच्या घरात. मध्ये शंभरेक किलोमीटर आणि फरक दहापट. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांचा पश्चिमेकडचा डोंगरपट्टा घाटात धरा. करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल, गडहिंग्लज बाहेर. पन्हाळा तालुका अर्धा इकडं, अर्धा तिकडं.

वादळ समुद्रात असताना घाटाचा इशारा जोरात असतो, कारण वारा डोंगरावर चढतो. वादळ निघून गेल्यावर मात्र दुपारच्या वळिवासारख्या पावसाला घाट-बिट काही लागत नाही. तेव्हा शिरोळात तासाभरात ओढे भरतात आणि गगनबावड्यात चांदणं पडलेलं असतं. त्यामुळे 'घाटाला अलर्ट नाही' हे पूर्वेकडच्या शेतकऱ्यानं आपल्या कामाचं समजू नये.

राज्याच्या नकाशात आपण 'मध्य महाराष्ट्र' या विभागात येतो, जळगाव-नाशिकसोबत. टीव्हीवर 'मध्य महाराष्ट्रात मुसळधार' ऐकून घाबरायचं कारण नाही आणि 'मध्य महाराष्ट्रात कोरडं' ऐकून निर्धास्त व्हायचंही नाही. जिल्ह्याची ओळ वाचा.

'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी' ही पळवाट आहे का?

नाही, या शब्दांना माप आहे. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी. काही ठिकाणी म्हणजे पाव ते निम्मी. बऱ्याच ठिकाणी म्हणजे निम्म्याहून जास्त ते पाऊण. त्यापुढं बहुतांश. म्हणजे 'तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस' लिहिलेल्या दिवशी तुमच्या गावात थेंब पडला नाही आणि शेजारच्या गावात ताली (शेताचे बांध) फुटल्या, तरी अंदाज बरोबरच असतो. राग येतो, कबूल.

जोर मोजायचा तर २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार'. रंगांचं सोपं आहे. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हला. ऑक्टोबरात आपल्याकडं बहुतेक वेळा पिवळा असतो, तोही विजांसाठी. पिवळ्याला लोक हसण्यावारी नेतात, आणि विजेनं माणसं जातात ती बहुतेक अशाच दिवशी, ते पुढं बघू.

गेलेलं वादळ परत फिरू शकतं का?

फिरतं. २०१९ चं 'महा' आठवा. ऑक्टोबरच्या शेवटी लक्षद्वीपजवळ तयार झालं, वायव्येकडे समुद्रात लांब गेलं आणि तिथून वळून गुजरातच्या दिशेनं आलं. किनाऱ्यावर येईपर्यंत त्याचा जोर ओसरला होता, ही नशिबाची गोष्ट. त्याच्या आधी काही दिवस 'क्यार' रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रात होतं. ते ओमानच्या दिशेनं जाताना 'सुपर सायक्लोन' झालं, २००७ च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रातलं पहिलं. किनाऱ्यावर न येताही त्या दोघांनी मिळून राज्यातली दिवाळी ओली केली आणि काढणीला आलेलं पीक रानात कुजवलं.

म्हणून वादळ निघालं हे ऐकल्यावर पुढच्या पाच दिवसांचा मार्ग बघावा. हवामान खातं तेवढ्या दिवसांचा मार्ग देतं आणि मार्गाभोवती जी पसरत जाणारी शंकूसारखी जागा दाखवतं ती अनिश्चिततेची असते. रेघ नका बघू, ती जागा बघा.

आणि आपलं म्हणाल तर कोल्हापूर समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, मध्ये सह्याद्री उभा. वादळाचा वारा इथं छपरं उडवील ही भीती सहसा अनाठायी. आपलं नुकसान करतं ते पाणी.

बंगालच्या उपसागरातल्या वादळाचं आपल्याला काय?

पुष्कळ. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. १३ ऑक्टोबर २०२० ला आंध्रात काकिनाड्याजवळ एक डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालचं वादळ, जमिनीवर आलं, तेलंगण, उत्तर कर्नाटक करत पश्चिमेकडे सरकलं आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर, पंढरपूर, सांगलीकडे हाहाकार उडवला. आपल्याकडंही झोडपलं. पुढं ते अरबी समुद्रात उतरलं. २०२१ मध्ये 'गुलाब'नं तसंच केलं. आंध्रात जमिनीवर येऊन, महाराष्ट्र ओला करून, अरबी समुद्रात उतरल्यावर त्याचंच 'शाहीन' झालं आणि ओमानला धडकलं. त्यामुळे पश्चिमेचं वादळ गेलं की एकदा पूर्वेकडचा नकाशाही बघून घ्यावा. विशाखापट्टणमची बातमी तीन दिवसांनी जयसिंगपूरची होऊ शकते.

सोयाबीन काढायला झालंय. काढू की थांबू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याला एकच उत्तर नाही.

उभ्या पिकाची पानं गळून शेंगा वाळल्या असतील तर फार थांबणंही धोक्याचं. भिजून-वाळून शेंगा तडकतात, आणि सलग ओल राहिली तर शेंगेतच कोंब फुटतात. अंदाजात पुढचे तीन दिवस कोरडे दिसत असतील तर काढा. दोनच दिवस दिसत असतील तर जेवढं त्याच दिवशी मळून घेता येईल तेवढंच कापा. मजूर मिळाले म्हणून सगळं रान आडवं करायचं आणि मळणीयंत्राची वाट बघत बसायचं, यात दर वर्षी नुकसान होतं. माझ्या मते मळणीयंत्राचा नंबर आधी पक्का करावा, विळा मग लावावा.

कापलेल्याची गंजी घातली असेल तर ती रानाच्या उंच कडेला, खाली ताडपत्री किंवा काटक्या, वर ताडपत्री. पण भिजलेला माल गच्च झाकून ठेवू नका. गंजीत कोपरापर्यंत हात घालून बघा. आत कोमट लागलं की समजायचं माल तापायला लागलाय. त्याच दिवशी ऊन असेल तर गंजी मोडून पसरायची, नसेल तर निदान बाजूनं ताडपत्री उचलून वारा द्यायचा. शेंगांचा रंग वरून चांगला दिसतो आणि आत दाणा काळा पडलेला असतो, ते बाजारात पोतं ओतल्यावर कळतं.

ठेवायचा माल १२ टक्क्यांच्या आसपास ओलाव्याला आला पाहिजे. दाणा दाताखाली चावून बघायची पद्धत वाईट नाही, पण व्यापाऱ्याकडच्या मापकयंत्रावर एक मूठ तपासून घेतली की भावाची घासाघीस कमी होते. घरच्या बियाण्यासाठी ठेवणार असाल तर तो भाग वेगळा, मळणीयंत्राचे फेरे कमी ठेवून मळा.

भुईमूग चिखलात उपटला तर शेंगा तुटून रानात राहतात. वाफशाची, म्हणजे जमीन कामाला येण्याइतकी सुकायची, वाट बघा. भाताचं, आजरा-चंदगडकडच्या घनसाळासकट, पीक लोळलं असेल तर आधी खाचरातलं पाणी काढा, बाकीचं नंतर.

आणि ऊस?

आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस लोळला असेल तर तोडीची तारीख लवकर मागावी, लोळलेल्या उसाला कांड्यांवर मुळ्या फुटतात, उंदीर लागतात आणि साखरेचा उतारा घसरतो. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात सुरू होतो, आणि फडात चिखल असला की ट्रॅक्टर बांधावरच अडकतो. कारखान्यांची सुरुवात पावसानं पुढं ढकलली जाते ती यामुळेच. ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, पाणी शिरतं हे फारसं कुणी लिहीत नाही. बीडकडून आलेल्या माणसाला आठवडाभर काम नाही, वर चूल पेटत नाही.

गुऱ्हाळाचं वेगळंच. तिथं जळण म्हणजे चिपाड, रस काढून उरलेला ऊस, आणि ते उघड्यावर वाळत घातलेलं असतं. एक सर आली की सगळं ओलं. ओल्या चिपाडानं चुलवाणाला आंच लागत नाही, रस काहिलीत जास्त वेळ राहतो आणि गूळ काळपट उतरतो. दोन दिवस ऊन पडलं तरी ढिगाच्या आतलं चिपाड वाळत नाही, पालटावं लागतं. गुऱ्हाळवाल्यानं अंदाज बघायचा तो उद्याचा नाही, परवाचा.

पंचगंगेला पूर येईल का? धरणं तर भरलेली आहेत.

महापूर येण्याची शक्यता फार कमी. १९८९, २००५, २०१९, २०२१ या सगळ्या महापुरांचे महिने जुलै-ऑगस्ट. घाटात सलग आठवडाभर कोसळतं, कृष्णेचं पाणी फुगतं आणि पंचगंगेला पुढं सरकायला जागा उरत नाही, तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली जाते. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर होतं. ऑक्टोबरचा पाऊस जोराचा असला तरी तासा-दोन तासांचा, तुकड्यातुकड्यातला.

पण राधानगरी भरलेली असते हे खरं. तिचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी पूर्ण पातळीला आलं की आपोआप उघडतात, आणि एका दरवाज्यातून साधारण १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. घाटात रात्री जोराचा पाऊस झाला तर सकाळी नदीचं पाणी अचानक चढू शकतं. नदीवरच्या पंपाच्या मोटारी काढायच्या राहिल्या असतील, जनावरं नदीला नेत असाल, तर हे ध्यानात ठेवा.

याच दिवसांत बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालायचं काम सुरू झालेलं असतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं सगळं गणित या बरग्यांच्या वेळेवर. लवकर घातले आणि वादळाचा पाऊस आला तर पाणी तुंबून काठाच्या रानात शिरतं आणि बरगे काढताना माणसांचे हाल. उशीर केला तर उन्हाळ्याचं पाणी वाहून गेलं. यावर गावोगावी भांडणं होतात आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर असतं.

विजांचं काय करायचं?

ऑक्टोबरात पावसापेक्षा याची भीती जास्त धरा. वेळ दुपारी दोन ते सातची, म्हणजे नेमकी सगळं घर रानात असतं तेव्हाची. 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलंय. आपल्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडण्याची शक्यता अर्धा-पाऊण तास आधी दाखवतं. घरातल्या एका पोराच्या मोबाईलमध्ये तरी ते असू द्या.

गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. झाडाखाली नको. ट्रॉलीखाली नको. पंपाच्या मोटारीच्या खांबाला टेकून तर अजिबात नको. पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जा. काहीच नसेल तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. कापलेलं भिजलं तर भिजू दे.

रविवारी कोकणात जायचंय. आंबा घाट, करूळ, फोंडा, कुठून जावं?

ऊन पडल्यावर घाट लगेच सुरक्षित होतो असं नाही. डोंगराची माती पाणी पिऊन जड झालेली असते आणि दरड उघडिपीतही खाली येते. निघायच्या दिवशी सकाळी रस्त्याची चौकशी करा, रात्रीचा घाट टाळा, आणि एका घाटावर अवलंबून राहू नका. गगनबावड्याच्या करूळला अडचण असेल तर भुईबावडा, तोही बंद तर फोंडा किंवा आंबा.

समुद्रावर जास्त जपा. वादळ हजार किलोमीटर गेलं तरी त्याच्या लाटा किनाऱ्याकडं येतच राहतात. वारा पडलेला, आभाळ निळं, आणि तरी मोठी लाट अचानक येते. बंदरावर धोक्याचा बावटा लागलेला असेल तर मच्छीमार होडी काढत नाहीत, आणि आपण कोल्हापूरची मंडळी गुडघाभर पाण्यात सेल्फी काढतो.

थंडी कधी पडणार?

वादळ गेल्यावर दोन-तीन रात्री गारवा येतो आणि लोक स्वेटर काढतात. ती खरी थंडी नव्हे. आधी ऑक्टोबर हीट येणार, दिवसा तिशीच्या पुढं. उत्तरेचे कोरडे वारे स्थिरावले की नोव्हेंबरात रात्रीचं तापमान विशीच्या खाली जायला लागतं. त्याआधी धुकं मात्र नक्की. जमीन ओली, रात्र निरभ्र, वारा पडलेला, की पहाटे पंचगंगेच्या काठानं आणि पुणे-बंगळूर महामार्गावर दाट धुकं. पहाटे दुधाच्या गाड्या चालवणाऱ्यांनी वेग आवरावा. भाजीपाल्यावर, द्राक्षावर करपा-डाऊनी या बुरशीरोगांची फवारणी याच दिवसांत लागते.

किरणोत्सवाला ढग आडवे येतील का?

अंबाबाईचा नोव्हेंबरातला किरणोत्सव परंपरेनं ९, १०, ११ तारखेचा. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, त्यामुळे प्रश्न पश्चिमेच्या क्षितिजाचा आहे. वर आभाळ स्वच्छ असलं तरी वादळाच्या शेपटाचे उंचावरचे पातळ ढग किंवा क्षितिजावरचं धुरकट बाष्प शेवटच्या दहा मिनिटांत किरणं अडवतं. आदल्या दोन-तीन संध्याकाळी सूर्य बुडताना गोळा स्पष्ट दिसतोय का, हे बघितलं तर बराच अंदाज येतो. ढगानं अडवलंच तर ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी आहेतच.

हत्तीचा (हस्त नक्षत्राचा) पाऊस, चित्रा, स्वाती, यावर विश्वास ठेवावा का?

हंगामाचं भान म्हणून जरूर. हस्ताच्या पावसावर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, चांगला येतो, हे आजही खरं आहे. पण कुठल्या दिवशी पडेल हे नक्षत्र सांगत नाही. त्यासाठी उपग्रहाचं चित्र बघा.

व्हॉट्सॲपवर पंधरा दिवसांचा अंदाज आलाय, खरा धरू?

दोन-तीन दिवसांचा कामाला येतो. पाच दिवसांचा साधारण. पंधरा दिवस आधीच सांगितलेला 'अमुक तारखेला अतिवृष्टी' असा मेसेज पुढं ढकलू नका, आणि त्याखाली हवामान खात्याचं चिन्ह डकवलेलं असेल तर आणखीच नको. रंगीबेरंगी वाऱ्याचे नकाशे बघायला हरकत नाही, पण दोन मॉडेलांत दोन वेगळी चित्रं दिसली की समजा अजून काही ठरलेलं नाही.

नुकसान झालं. आता कुणाला सांगू?

आधी फोटो, तारीख-वेळ आणि जागा दिसेल असे. कापलेला माल उचलण्यापूर्वी काढा, नंतर काढलेल्या फोटोवर कुणी विश्वास ठेवत नाही. मग तलाठी, कृषी सहायक किंवा ग्रामसेवक, तिघांपैकी जो आधी भेटेल त्याला लेखी अर्ज, आणि त्याची पोच घ्या. पंचनाम्यात नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नोंदवलं गेलं तरच सरकारी मदतीला पात्र ठरता, म्हणून पंचनाम्याच्या वेळी स्वतः रानात हजर राहा. पीकविम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, ते तुमच्या पावतीवरच्या हंगामाप्रमाणे बघा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची सातबाऱ्यावर नोंद, केलेली नसेल तर दोन्हीकडं अडतं. अडकलेल्या माणसासाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, पोलीस-रुग्णवाहिकेसाठी ११२.